गुरूचा दोष आणि संघाचं कर्तव्य

(आकाशवाणीवरील भाषण, संपादित)

ज्या गुरूने ध्यान शिकवलं, शील सांगितलं, ज्याच्यामुळे शेकडो माणसांची आयुष्यं मार्गी लागली, तोच गुरू स्वतः शील मोडत होता असं उघड झालं, तर त्याच्या शिष्यांनी काय करावं? आज या प्रश्नाविषयी बोलायचं आहे. प्रश्न काल्पनिक नाही. गेल्या चाळीस वर्षांत जगातल्या कितीतरी बौद्ध ध्यानसंस्थांपुढे तो उभा राहिला. त्यातल्या एका संस्थेचं नातं तर थेट आपल्या महाराष्ट्राशी, नागपूर-पुण्याशी आहे.

मी मुसलमान, कविता मराठीत लिहितो. बौद्धांच्या घरातल्या गोष्टीत मी का पडावं, असं कुणी विचारील. पहिलं कारण म्हणजे माझं गाव. मी वसई-विरारचा, नालासोपाऱ्यात राहणारा. आमचं सोपारा म्हणजे जुनं शूर्पारक बंदर. इथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचे तुकडे सापडले. इथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडात पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ साली उत्खनन केलं, तेव्हा आत स्तूप निघाला. स्तूपाच्या पोटात दगडी पेटी, पेटीत एकात एक बसवलेल्या डब्या, आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याच्या बारीक कपच्या होत्या. बुद्धाच्या भिक्षापात्राचे हे अवशेष, असं भगवानलाल मानत. तो ठेवा आज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. अशा गावात राहणाऱ्याला बुद्ध परका वाटत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गुरू-शिष्याचं नातं सगळ्याच धर्मांत आहे. आमच्याकडे पीर आणि मुरीद असतात. मुरीदाने मुर्शिदाच्या हाती असं असावं, जसं मयत गुसल देणाऱ्याच्या हाती असतं, अशी जुनी शिकवण सुफी मंडळींत सांगितली जाते. त्यात समर्पणाचं सौंदर्य आहे, आणि धोकाही त्यातच आहे. हात स्वच्छ नसले तर मयत काही बोलू शकत नाही. म्हणून एका समाजाने अशा प्रसंगी काय केलं, काय केलं नाही, यातून बाकीच्यांनाही शिकण्यासारखं असतं.

आता त्या संस्थेविषयी. डेनिस लिंगवुड हा लंडनचा तरुण दुसऱ्या महायुद्धात सैन्यातून भारतात आला आणि इथेच राहिला. १९४९ साली कुशीनगरला ऊ चंद्रमणी महास्थविरांनी त्याला श्रामणेर दीक्षा दिली. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना धम्मदीक्षा दिली ती याच चंद्रमणींनी. लिंगवुड आता संघरक्षित झाले होते. ते कालिम्पाँगला राहत. बाबासाहेबांना ते तीनदा भेटले होते.

६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण झालं, त्या दिवशी संघरक्षित नागपुरातच होते. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते, आणि लाखो माणसं एकाएकी पोरकी झाली होती. कस्तुरचंद पार्कवरच्या शोकसभेत संघरक्षित बोलले. पुढचे काही दिवस ते वस्त्यावस्त्यांतून हिंडले, धीर दिला, दीक्षा दिल्या. त्यानंतरही काही वर्षं ते महाराष्ट्रात फिरत राहिले. धम्माचं बोट धरून चालायला शिकवणारी माणसं त्या काळी फार थोडी होती, त्यांतले ते एक. जुन्या पिढीतले बौद्ध त्यांचं नाव आदराने का घेतात, ते यावरून कळेल.

१९६४ साली ते इंग्लंडला परतले. १९६७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये नवी चळवळ सुरू केली आणि १९६८ मध्ये तिचा संघ स्थापला. त्यांचे इंग्रज शिष्य लोकमित्र सत्तरच्या दशकाच्या अखेरीस पुण्यात आले आणि इथे ‘त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण’ उभा राहिला. पुण्याजवळ दापोडीला विहार झाला, भाजे लेण्यांच्या परिसरात शिबिरं होऊ लागली, गरीब मुलामुलींसाठी वसतिगृहं निघाली, नागपुरात नागलोक उभं राहिलं. आनापान आणि मैत्री भावना या दोन ध्यानपद्धती कामगार वस्त्यांत पोचल्या. २०१० साली संस्थेने ‘त्रिरत्न’ हे नाव घेतलं. तिच्या संघात भारतीयांचा, त्यातही महाराष्ट्रातल्या आंबेडकरी कुटुंबांचा वाटा मोठा आहे.

आता दुसरी बाजू. इंग्लंडमध्ये संघरक्षितांचे आपल्या काही तरुण शिष्यांशी शारीरिक संबंध होते. ते भिक्षूचं चीवर वापरत होते, संस्थेचे प्रमुख होते, आणि ही मुलं त्यांच्याकडे धम्म शिकायला आली होती. १९९७ च्या ऑक्टोबरात ‘गार्डियन’ या इंग्रजी दैनिकाने हे प्रकरण छापलं. त्याच संस्थेच्या लंडनमधल्या क्रॉयडन केंद्राच्या प्रमुखाने ऐंशीच्या दशकात आपल्या हाताखालच्यांवर कसा दबाव आणला, तेही त्यात होतं. संस्थेची सुरुवातीची उत्तरं बचावाची होती. २००३ साली एका जुन्या सदस्याने, आपण अठरा वर्षांचे असताना काय घडलं ते संघाच्या अंतर्गत मासिकात लिहिलं. २००९ साली संघरक्षितांनी ज्येष्ठ शिष्यांशी झालेल्या प्रश्नोत्तरांत या संबंधांविषयी सांगितलं, पण त्यात पश्चात्तापापेक्षा स्पष्टीकरण अधिक होतं. २०१६ मध्ये बीबीसीने पुन्हा हा विषय काढला. त्या वर्षाच्या अगदी अखेरीस, वयाच्या ९१ व्या वर्षी, संघरक्षितांनी निवेदन काढून, आपण ज्यांना दुखावलं, ज्यांना हानी पोचवली, त्यांच्याकडे क्षमा मागितली. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी ते वारले.

इथे एक खुलासा करायला हवा. पुरुषाचं पुरुषावर प्रेम हा या प्रकरणातला दोष नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०१८ साली सज्ञान माणसांचं असं नातं गुन्ह्याच्या यादीतून काढलं. दोष आहे तो गुरुपदाचा. ज्याच्या एका शब्दावर तुमची दीक्षा, तुमची प्रगती, तुमची संघातली जागा अवलंबून असते, त्याने मागितलं तर तुम्ही ‘नाही’ म्हणू शकता का? वरून संमती दिसते, आत नाइलाज असतो. काही जणांना ते तेव्हा कळलंही नाही. वीस-तीस वर्षांनी कळलं.

छापून येण्यापासून क्षमा मागेपर्यंत १९ वर्षं गेली. इतका वेळ का लागला? संस्थेत दुष्ट माणसं होती म्हणून नव्हे. बहुतेक माणसं चांगली होती, आणि खरी अडचण तीच आहे. अशा वेळी चांगली माणसं काय बोलतात, ते मी जवळून ऐकलं आहे. आमच्या इमारतीत एक निवृत्त रेल्वे कर्मचारी राहतात. त्यांचे वडील विदर्भातून मुंबईला आले होते. त्यांनी ५६ सालची ती भाषणं ऐकलेली. मी त्यांना दादा म्हणतो, ते मला भाई म्हणतात. हा विषय निघाला तेव्हा दादा म्हणाले, “भाई, माणूस गेला. आता कशाला उकरायचं? आमच्यावर हसायला लोक टपलेलेच आहेत.” वहिनी आतून चहा घेऊन आल्या. त्या म्हणाल्या, “हसू देत. उद्या आपली नात शिबिराला जायची म्हणाली, तर मी कुणाच्या भरवशावर पाठवू ते सांगा.” दादा काही बोलले नाहीत. कपातला चहा मात्र गार झाला.

या दोन वाक्यांत सगळा पेच आला. दादांची भीती खोटी नाही. ज्या समाजाने हजारो वर्षं अपमान सोसला, त्याने मोठ्या कष्टाने मिळवलेली नवी ओळख कुणी चिखलात ओढावी, हे त्याला सहन होत नाही. इंग्लंडमधल्या शिष्याला संस्था सोडून दुसरी शोधता येते. आमच्या दादांसाठी धम्म म्हणजे आयुष्यच. म्हणून गप्प बसण्याचा मोह इथे जास्त असतो. पण वहिनींचा प्रश्न पुढच्या पिढीचा आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय दादांची अब्रूही राहत नाही.

अशा प्रसंगी संस्थांमध्ये चार वाक्यं ठरलेली असतात. असं झालंच नाही. झालं असलं तरी शिकवण वेगळी आणि माणूस वेगळा. बाहेर बोलाल तर संघ फुटेल. आणि मग, आपण बौद्ध आहोत, मैत्री भावना करतो, क्षमा करा. शेवटचं वाक्य सर्वांत गोड आणि सर्वांत घातक. कारण क्षमा करायची ती जखमी माणसाने, त्याच्या सवडीने. ती त्याच्याकडून वसूल करता येत नाही.

‘संघ फुटेल’ हे वाक्य तर फार जुनं. अशोकाने सारनाथ, सांची आणि कोसंबीच्या लेखांत बजावलं आहे की जो भिक्षू किंवा भिक्षुणी संघात फूट पाडील, त्याला पांढरे कपडे घालून संघाबाहेर राहायला लावावं. पण सारनाथच्या लेखात आणखी एक गोष्ट आहे. या आज्ञेची एक प्रत उपासकांजवळ, म्हणजे साध्या गृहस्थांजवळ ठेवावी, आणि त्यांनी उपोसथाच्या दिवशी येऊन ती समजून घ्यावी, असं तिथे सांगितलं आहे. संघाच्या नियमाची प्रत प्रापंचिक माणसाच्या हाती! नियम काय आहे, हे त्याला माहीत असलंच पाहिजे, असा त्याचा अर्थ.

आता बुद्धाच्या स्वतःच्या नियमांकडे वळू. विनयपिटक म्हणजे भिक्षूंच्या आचाराचा कायदा. मी काही पंडित नाही. पण जे वाचलं त्याने थक्क झालो. अडीच हजार वर्षांपूर्वी या माणसाने मनुष्यस्वभाव किती ओळखला होता!

भिक्षूने मैथुन केलं की तो भिक्षू उरत नाही. त्याला मतदान नाही, मोठेपणाची सवलत नाही. त्याखालच्या दर्जाचे तेरा अपराध आहेत. वाईट हेतूने स्त्रीला स्पर्श करणं, अश्लील बोलणं हे त्यात येतं. हे अपराध आपल्या आपण मिटवता येत नाहीत, संघापुढे यावं लागतं. आणि गंमत पाहा, असा अपराध जितके दिवस लपवून ठेवला, तितके दिवस अपराध्याला परिवास नावाची वेगळी शिक्षा भोगावी लागते. त्या काळात त्याचे मान आणि हक्क कमी होतात. मूळ अपराधाचं प्रायश्चित्त त्यानंतर. ते झालं की त्याला परत घ्यायला किमान वीस भिक्षूंचा संघ लागतो. म्हणजे करणं वेगळं मोजलं, लपवणं वेगळं मोजलं, आणि तेही दिवसांवर. पुढचा नियम तर आजच्या प्रत्येक संस्थेच्या भिंतीवर लावावा असा. दुसऱ्या भिक्षूचा गंभीर अपराध माहीत असून जो लपवतो, तोही अपराधी. संघाची अब्रू झाकली, ही सबब तिथे चालत नाही.

मग बोलायचं कुणी? इथे विशाखेची गोष्ट येते. विशाखा श्रावस्तीची श्रीमंत, लेकुरवाळी उपासिका. उदायी नावाचा भिक्षू एका घरात तरुण स्त्रीबरोबर आडबाजूला एकांतात बसलेला तिने पाहिला. तिने त्याला तोंडावर सांगितलं, हे बरं नव्हे. त्याने मनावर घेतलं नाही. तिने ते इतर भिक्षूंना सांगितलं, गोष्ट बुद्धापर्यंत गेली आणि त्यातून नियम झाला की विश्वासू उपासिकेने असं काही पाहिलं आणि सांगितलं, तर संघाने त्या भिक्षूची बाब हाती घ्यावी. ती भिक्षुणी नाही, घरसंसारातली बाई आहे, म्हणून तिचा शब्द बाजूला सारता येत नाही.

आणि खुद्द गुरू? मज्झिम निकायात वीमंसक सुत्त आहे. त्यात बुद्ध शिष्यांना सांगतो की तथागताचीही परीक्षा करा. डोळ्यांना दिसणारं, कानांना ऐकू येणारं त्याचं वागणं मलिन आहे का, ते तपासा आणि मग श्रद्धा ठेवा. पावसाळ्याच्या शेवटी पवारणा नावाचा विधी असतो. प्रत्येक भिक्षू संघाला विनवतो की माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, शंका आली असेल, तर सांगा. एकदा विशाखेनेच दिलेल्या पूर्वारामात पवारणेच्या रात्री बुद्धाने स्वतः जमलेल्या भिक्षूंना विचारलं, माझ्या वागण्या-बोलण्यात तुम्हाला काही दूषण दिसतं का? सारिपुत्ताने उठून, नाही दिसत, असं सांगितलं. उत्तर काय आलं याहून मला प्रश्न विचारला गेला हे मोठं वाटतं. वर्षातून एकदा असा प्रश्न विचारणारे किती गुरू, किती मौलवी, किती महाराज, किती साहित्यिक आपल्याकडे आहेत?

उपासकांच्या हाती आणखी एक साधन होतं, भिक्षापात्र. कोसंबीचे भिक्षू आपसांत भांडले, बुद्धाचंही ऐकेनात. शेवटी तो एकटा निघून गेला. तेव्हा कोसंबीच्या गृहस्थांनी ठरवलं की या भिक्षूंना नमस्कार करायचा नाही आणि भिक्षाही घालायची नाही. थोड्याच दिवसांत भिक्षू वरमले आणि बुद्धाकडे जाऊन त्यांनी भांडण मिटवलं. सोपाऱ्याच्या त्या कपच्या आठवल्या की मला कोसंबी आठवते. पात्र भिक्षूच्या हातात असतं, पण त्यात घालणारा हात आपला असतो.

मग इतकी सगळी व्यवस्था असताना आधुनिक संस्था का घसरल्या? माझ्या समजुतीप्रमाणे याचं एक कारण असं. संघरक्षितांनी भिक्षू आणि गृहस्थ ही भिंत पाडली. त्यांचा धम्मचारी संसारात राहूनही संघाचा पूर्ण सदस्य असतो, स्त्री-पुरुष एकाच दीक्षेने येतात. हे पाऊल धाडसाचं होतं, आणि आपल्या समाजाला मानवणारंही. भिक्षूचं नेमकं काम काय, त्याने समाजसेवक व्हायला नको का, हा प्रश्न बाबासाहेबांनीही ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये उभा केला होताच. पण भिंत पाडताना तिच्यात बांधलेला विनयही बराचसा गेला. दहा शीलं राहिली, पण ती मोडल्यावर काय करायचं याची ठाम रीत राहिली नाही. त्यातही संस्थापक सगळ्यांच्या वर. त्याला पवारणा करायला लावील असा त्याच्या बरोबरीचा कुणी नव्हता.

ही एकाच संस्थेची गोष्ट नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या झेन केंद्रात १९८३ साली प्रमुख रिचर्ड बेकर यांना पायउतार व्हावं लागलं. त्या केंद्राने मात्र धडा घेतला. प्रमुखपदाला मुदत ठरवली, तक्रारींसाठी वेगळी समिती नेमली. तिबेटी परंपरेतले सोग्याल रिनपोछे यांच्याबाबत आठ जुन्या शिष्यांनी २०१७ साली सविस्तर पत्र लिहिलं. महिन्याभरात त्यांनी पद सोडलं, आणि संस्थेने बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवून २०१८ मध्ये अहवाल जाहीर केला. दलाई लामांनी १९९३ सालीच धरमशालेत पाश्चात्त्य बौद्ध शिक्षकांच्या बैठकीत, गुरू अनाचार करत असेल तर ते उघडपणे सांगा, अशी भूमिका घेतली होती. तरी २०१८ साली नेदरलँडमध्ये पीडितांना भेटल्यावर, या तक्रारी आपल्याला नव्वदच्या दशकापासून ठाऊक होत्या, असं त्यांनी सांगितलं. इतक्या मोठ्या माणसाला ठाऊक असूनही आणखी पंचवीस वर्षं जातात, यावरून एकट्या थोर माणसावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, रीतच असावी लागते, हे पटतं.

त्रिरत्न संघाने उशिरा का होईना, काही केलं. २०१७ पासून ज्येष्ठांच्या एका गटाने जुन्या तक्रारींचा मागोवा घेतला. दुखावलेले आणि संस्था यांच्यात संवादासाठी बाहेरच्या मध्यस्थांची मदत घेतली. केंद्राकेंद्रांत तक्रार ऐकणारे जबाबदार लोक नेमण्याची पद्धत आली. तरी २०१९ च्या जुलैत ‘ऑब्झर्व्हर’ या इंग्रजी साप्ताहिकाने संघातल्याच काही अस्वस्थ सदस्यांनी केलेल्या पाहणीची बातमी दिली. लैंगिक गैरवर्तन स्वतः अनुभवलं किंवा पाहिलं, असं सांगणाऱ्यांचं प्रमाण त्यात दहात एकाहून अधिक होतं. पाहणी सदस्यांनीच केलेली, तेव्हा आकड्याचा कीस काढण्यात अर्थ नाही. पण गुरूच्या माफीने विषय संपला नव्हता, एवढं त्यातून नक्की दिसलं.

माफीविषयीच थोडं बोलतो, कारण हा माझ्या घरचा विषय आहे. आमच्याकडे तौबा आहे. पण उलेमा दोन प्रकारचे हक्क सांगतात, अल्लाहचे आणि माणसांचे. नमाज चुकली, रोजा चुकला, तर बंदा आणि अल्लाह बघून घेतील. माणसाचा हक्क मारला असेल, तर आधी त्या माणसाकडे जावं लागतं. त्याचं देणं फेडल्याशिवाय किंवा त्याने माफ केल्याशिवाय नुसत्या तौबेने सुटका नाही. बौद्ध विनयातही कबुली मोघम नसते. कोणता अपराध, तो लपवला का, किती दिवस लपवला, हे नाव घेऊन सांगावं लागतं. या दोन्ही कसोट्यांवर ‘ज्यांना कुणाला मी दुखावलं असेल त्या सर्वांची क्षमा’ ही माफी अपुरी पडते. ९१ वर्षांच्या आजारी माणसाने ती मागितली, तिची किंमत मी कमी करत नाही. पण माफीत नाव नसेल, कृत्य नसेल, तर ती ऐकणाऱ्याला आपली वाटत नाही.

मग दादांनी आता संघरक्षितांचं काय करायचं? फोटो उतरवायचा का? हे मी सांगणार नाही. मला एवढंच वाटतं की उपकाराचं खातं आणि अपराधाचं खातं एकमेकांत वळतं करू नये. सहा डिसेंबरच्या त्या रात्री त्या माणसाने रडणाऱ्या नागपूरला आधार दिला, हे खरं आहे आणि ते कुणी पुसू शकत नाही. लंडनच्या त्या मुलांचं जे झालं तेही तितकंच खरं. एकाची जमा दाखवून दुसऱ्याची बाकी फिटत नाही. दोन्ही पानं उघडी ठेवणं जड जातं, पण खऱ्या हिशेबाची वही तशीच असते.

आणि वहिनींच्या प्रश्नाला उत्तर? बुद्धाच्या नियमांतूनच ते मिळतं. नातीला शिबिराला जरूर पाठवावं, ध्यानात दोष नाही. पण आधी चार गोष्टी विचाराव्यात. तक्रार करायची झाली तर ती इथे कोण ऐकतो, आणि तो प्रमुखाच्या हाताखालचा आहे का? शिकवणाऱ्याला एकांतात, बंद दाराआड भेटण्याची रीत आहे का? प्रमुखाला त्याची चूक दाखवू शकेल अशी समिती आहे का, आणि पूर्वी तिने कधी दाखवली आहे का? पैशाचा हिशेब देणगीदारांपुढे मांडला जातो का? चांगली संस्था अशा प्रश्नांनी रागावत नाही.

कायद्याचंही लक्षात ठेवावं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मग ती जागा वसतिगृह असो, मदरसा असो, चर्च असो की विहार. जिथे दहा किंवा अधिक माणसं नोकरीला आहेत तिथे २०१३ च्या कायद्याने स्त्रियांच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती असावीच लागते, धर्मादाय संस्थाही त्यातून सुटत नाहीत. दुसऱ्याचा अपराध लपवणारा अपराधी, हा विनयाचा नियम आपल्या कायद्यातही आला आहे, असं म्हणायला हरकत नाही.

महापरिनिर्वाणाच्या आधी बुद्धाने आपल्यामागे कुणा एकाला गादीवर बसवलं नाही. मी सांगितलेला धम्म आणि विनय हाच तुमचा शास्ता, असं त्याने आनंदाला सांगितलं. आणि शेवटच्या सूचनांत एक सूचना छन्न नावाच्या भिक्षूविषयी होती. घर सोडलं त्या रात्रीचा सारथी तोच, असं परंपरा सांगते. त्या नात्याचा त्याला ताठा होता, तो कुणाचं ऐकत नसे. बुद्धाने त्याला ब्रह्मदंड सांगितला. तो काहीही बोलो, कुणी त्याच्याशी बोलू नये, उपदेशही करू नये. आनंदाने कोसंबीला जाऊन हे सांगितलं तेव्हा छन्न मूर्च्छित पडला. मग तो एकांतात राहिला, साधना केली आणि अर्हत झाला. दंड आपोआप संपला.

जवळच्या माणसाला सवलत दिली नाही, आणि त्याला कायमचं फेकलंही नाही. शिक्षा आणि करुणा एकाच आज्ञेत होत्या. आपल्या संस्थांना, मग त्या कोणत्याही धर्माच्या असोत, एवढं जमलं तर दादांना मान खाली घालावी लागणार नाही आणि वहिनींना नातीला पाठवताना धास्ती वाटणार नाही.